चैत्री वारीची पूर्वतयारी

आषाढीस निघणाऱ्याला काय बरोबर घ्यावे, हे सांगावे लागत नाही. पावसाला घोंगडे, चिखलाला काठी, वाटेवर गावोगावची अन्नदाने, पाण्याचे टँकर, दवाखान्याच्या गाड्या; लाखांच्या मेळ्यात एखादा मागे पडला तरी कोणीतरी त्याला उचलून घेतोच. चैत्रीचे तसे नाही. वर्षाच्या चार वाऱ्यांतली ही वारी पायी करणारे थोडे. वीस-पंचवीस जणांची दिंडी, एक वीणा, एखादा पखवाज, पाठीशी असला तर एक टेम्पो. रान उघडे, रस्ता उघडा आणि माथ्यावर ऊन. येथे आपला भार आपणच वाहायचा. म्हणून या अंकात आम्ही अभंगाचे निरूपण बाजूस ठेवून उन्हाचे निरूपण करणार आहोत. कोणी म्हणेल, ‘महाराज, पंढरीस निघाल्यावर देहाची एवढी चिंता कशाला?’ हा प्रश्न दरसाल आमच्यापुढे येतो. त्याचे उत्तर पुढे वाटेतच मिळेल.

आमचे बोलणे येडशीच्या वाटेने चालेल, कारण ती आमच्या पायाखालची आहे. बालाघाटाच्या माथ्यावरचे हे गाव. येथून चैत्र शुद्ध पंचमीस निघावे, पांगरीवरून बार्शीच्या सखल काळ्या रानात उतरावे, सीना ओलांडून कुर्डुवाडी गाठावी आणि करकंबावरून दशमीस पंढरीत शिरावे. शंभराच्या वर आणि सव्वाशेच्या आत किलोमीटर, सहा दिवस. दुसऱ्या गावच्या मंडळींनी आपापल्या वाटेस हाच हिशेब लावावा.

आता ऋतू कोणता ते पाहू. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, हे पंचांगात आहेच. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, थंडीत साठलेला कफ वसंतातल्या सूर्याने पातळ होऊन सुटतो आणि जठराग्नी मंदावतो. म्हणून या दिवसांत जड, तेलकट, गोड, आंबट कमी करावे, जुने धान्य खावे, सुंठीचे पाणी प्यावे, दिवसा झोपू नये. ग्रीष्म लागला की नियम फिरतात. तेव्हा अंगातले बळ ओसरते. हलके, गोड, थंड, पातळ घ्यावे, श्रम आणि ऊन टाळावे, दुपारी झोपले तरी चालते.

मग चैत्री वारीचा वारकरी कोणत्या ऋतूतला? शास्त्राने चैत्र वसंतात घातला खरा, पण आमच्या भागात पाडव्याला सकाळी वसंत असतो आणि दुपारी ग्रीष्म. पहाटे अंगावर उपरणे ओढून घ्यावे लागते आणि बारा वाजता तेच उपरणे ओले करून डोक्यावर घ्यावे लागते. ज्वारी निघून गेलेली, रान उघडे पडलेले, काळी जमीन तापून भेगाळलेली. रस्त्याकडेच्या वडाचिंचांची पूर्वीची सावली रुंदीकरणात बरीचशी गेली. डांबर खालून भाजते आणि सूर्य वरून.

तशात अधिक मासाचा खेळ आहे. तिथी तीच, पण ऊन तेच नसते. २०२३ साली चैत्री एकादशी १ एप्रिलला आली आणि २०२४ साली १९ एप्रिलला. अठरा दिवसांचा फरक! पहिल्या साली दुपारी अकरापर्यंत चालता येत होते, दुसऱ्या साली नऊलाच सावली शोधावी लागली. म्हणून तिथी पंचांगात पाहावी आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात. एकादशी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात असेल तर सहा दिवसांच्या वाटेस सात दिवस धरावेत आणि चतुर्थीसच निघावे. एक मुक्काम वाढला म्हणून पांडुरंग रागावत नाही.

तयारीचा आरंभ होळीपासून करावा. फाल्गुन पौर्णिमा ते चैत्र शुद्ध पंचमी हे वीस दिवस होतात, आणि ते पुरेसे आहेत. ऋतू पालटताना सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस या काळाला वाग्भट ऋतुसंधी म्हणतात. त्या काळात जुनी सवय हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, एकदम तोडू नये. आजचे डॉक्टरही हेच सांगतात. अंग उन्हाला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. सरावलेल्या अंगाला घाम लवकर सुटतो आणि त्या घामातून मीठ कमी जाते. पंख्याखालून उठून थेट वाटेला लागणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांतच ऊन लागते ते यामुळेच. आमच्या पाहण्यात पांगरीपर्यंत धापा टाकणारे बहुतेक तरुण असतात. शेतात राबणारे साठीचे म्हातारे नव्हेत.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे तीन-चार किलोमीटर चालावे. येडशीकरांना जागा शोधावी लागत नाही. रामलिंगाची वाट आहे. नाथषष्ठीपर्यंत हे अंतर आठवर न्यावे. नाथषष्ठीनंतर सकाळी आठ-साडेआठपर्यंतचे ऊन अंगावर घ्यावे, आणि पाडव्यापासून जी पिशवी वारीत खांद्यावर असणार आहे ती घेऊनच चालावे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे शास्त्र आहे. कपाळावर घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की तेथे अर्धी शक्ती संपली, मग थांबावे. पाडव्याला कडुनिंबाचा पाला गूळ, ओवा, हिंग घालून खातो तो याच कफाच्या ऋतूसाठी. तो चिमूटभर खाऊन हात जोडण्यापुरता न ठेवता निघेपर्यंत रोज थोडा खाल्ला तर बरे. वहाणा नव्या घ्यायच्या असतील तर होळीलाच घ्याव्यात. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली नवी वहाण बार्शीपर्यंत पायाचे सालडे काढते.

वहाणांवरून आठवले. आमच्यात पुष्कळांना छत्री आणि वहाण यांची लाज वाटते. छत्री घेतलेला वारकरी म्हणजे सुखासीन, अशी एक समजूत आहे. त्यांच्यासाठी महाभारताच्या अनुशासनपर्वातली कथा सांगतो. भीष्मांनी ती युधिष्ठिराला सांगितली आहे. जमदग्नी ऋषी धनुष्याचा सराव करीत होते आणि सोडलेले बाण रेणुकामाता वेचून आणीत होती. ज्येष्ठाचे दिवस, दुपारची वेळ. डोके तापले, पाय भाजले, तेव्हा माउली क्षणभर एका झाडाखाली उभी राहिली. परत येण्यास उशीर झाला म्हणून ऋषींनी विचारले, तर ती म्हणाली, सूर्याने डोके आणि पाय पोळले म्हणून सावलीला थांबले. आता गंमत पाहा. ऋषी रागीट म्हणून प्रसिद्ध. पण येथे त्यांनी ‘एवढेसे ऊन सोसवत नाही काय?’ असे म्हटले नाही. त्यांनी धनुष्य उचलले ते सूर्यावर! सूर्यनारायण ब्राह्मणाच्या वेषाने धावत आले. आधी त्यांनी वाद घातला की, मी सदा चालत असतो, मला नेम कसा धरशील? ऋषी म्हणाले, माध्यान्ही तू अर्धा निमिष थांबतोस, तेवढा मला पुरे. मग मात्र सूर्य शरण आला, आणि त्याने दोन वस्तू दिल्या: डोक्यासाठी छत्र आणि पायांसाठी चामड्याच्या वहाणा. तेव्हापासून या दोन्ही वस्तू जगात आल्या आणि त्यांचे दान पुण्यकारक ठरले.

बाबांनो, ज्या वस्तू प्रत्यक्ष सूर्याने दिल्या त्यांची लाज कसली? वाग्भटही दिनचर्येत सांगतात की, छत्री आणि पादत्राण घेऊन, चार हात पुढे नजर ठेवून चालावे. काळी छत्री चालेल, तिच्यावर पांढरे फडके शिवले तर जास्त चांगली. पटका बांधता येत असेल त्याने पटकाच बांधावा. आपल्या वाडवडिलांचे ते उन्हाचेच शिरस्त्राण होते. टोपी घालणाऱ्याने टोपीखाली मानेवर लोंबेल असा ओला पंचा घ्यावा. कपडे सुती, सैल, पांढरे. पॉलिस्टरचा सदरा कितीही पांढरा असला तरी घाम धरून ठेवतो.

अनवाणी चालण्याचा नवस ज्यांचा असतो त्यांना आम्ही मोडता घालत नाही. पण मातीच्या वाटेवरचे अनवाणी चालणे निराळे आणि दुपारच्या डांबरावरचे निराळे. नवस करायचाच तर पहाटेच्या चालीपुरता करावा, किंवा भीमेच्या पुलापासून महाद्वारापर्यंतचा. मधुमेहाच्या रोग्याने हा नवस मुळीच करू नये. त्याच्या पायाला भाजलेले कळत नाही, आणि जखम चिघळली की पाय जातो.

चालण्याची वेळ ही या वारीची किल्ली आहे. तीनला उठून, काकडा करून साडेचारला दिंडीने पाऊल उचलावे. साडेनऊपर्यंत, मध्ये अर्ध्या तासाचा विसावा धरून, ताशी चार किलोमीटरने अठरा किलोमीटर पडतात. मग जे देऊळ, जी शाळा, जी आमराई मिळेल तेथे पडाव. उरलेले दोन-तीन किलोमीटर सायंकाळी पाचनंतर. दहा ते साडेचार चालायचे नाही, हा नियम चोपदाराने मोडू देऊ नये. ‘थोडेसेच राहिले आहे महाराज, चला आटपून टाकू’ असे म्हणणारा एकजण प्रत्येक दिंडीत असतोच. त्याच्या हाती पाण्याचा हंडा द्यावा, म्हणजे तो गप्प बसतो.

दुपारी झोपावे की नाही? तीनला उठलेल्याने तासभर झोपावे. वाटचालीने थकलेल्यास आणि बोलून थकलेल्यास दिवसा झोपण्याची शास्त्राने मुभा दिली आहे. म्हणजे वारकऱ्यासही आणि कीर्तनकारासही! आम्ही ती आनंदाने घेतो.

पहाटेच्या चालीत एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. शुद्ध पक्ष आहे, चांदणे असेल, असे मनात धरून पुष्कळ जण कंदील घेत नाहीत. पण पंचमीचा चंद्र रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास मावळतो आणि दशमीचासुद्धा पहाटे अडीच-तीनपर्यंतच टिकतो. म्हणजे चांदणे हरिपाठाला मिळते, काकड्यानंतरच्या वाटेला नाही. साडेचार ते सहा निव्वळ काळोख, आणि येडशीवरून तर सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग जातो. मालमोटारवाला रात्रभर जागून आलेला असतो. दिंडीने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. पुढे एक पांढरा दिवा, मागे एक लाल दिवा, आणि पताकांच्या काठ्यांना व पिशव्यांना चमकणारी पट्टी. याच पंधरवड्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा तोंडावर आलेली असते. तिकडच्या गाड्यांचीही वर्दळ असते.

आता मुख्य विषय, पाणी.

पाण्याची किंमत आमच्या भागाला कोणी शिकवू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, ती याच पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-येडशीच्या रुळांवरून. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातुरास पोहोचली आणि १७ तारखेला चैत्री एकादशी होती. म्हणजे वारकरी पंढरीकडे चालले होते आणि पाणी पंढरीकडून इकडे येत होते! ज्या मुलखाने हे पाहिले, त्या मुलखातला माणूस पाणी समोर असताना ‘माझे व्रत आहे’ म्हणून तहानेने पडावा, याला काय म्हणावे?

असा प्रसंग आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी वाटेत एक वृद्ध माळकरी चालता चालता टाळ चुकवू लागले. आधी वाटले, रंगले आहेत. मग ते रस्ता सोडून रानात शिरू लागले. हाक मारली तर भलतेच बोलले. अंगाला हात लावला तर तवा! सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नवमीचा उपास, आणि रामजन्म होईपर्यंत निर्जळ राहण्याचा त्यांनी मनाशी नेम केला होता. बरोबरच्या पोरांनी त्यांना बाभळीच्या सावलीत आडवे केले, सदरा काढला, घागरभर पाणी अंगावर ओतले, चौघांनी उपरण्यांनी वारा घातला. तास-दीड तासाने त्यांनी ओळखीने पाहिले. देवाने ठेवले म्हणून ठेवले. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर सोहळ्यास जमलेल्या भाविकांपैकी १४ जण उन्हाने गेले. ती माणसे चालतही नव्हती, बसलेली होती. त्यांच्या घरच्यांना विचारावे, ऊन सोसणे म्हणजे काय ते.

म्हणून आम्ही शास्त्राच्या आधाराने सांगतो की, पाणी प्याल्याने व्रत मोडत नाही. महाभारतात विदुराने धृतराष्ट्राला सांगितलेल्या नीतीत व्रताला बाधा न आणणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. पहिले नाव पाण्याचे आहे, आणि शेवटचे औषधाचे. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी एकादशीला न घेणाऱ्या मायबहिणींनी हे शेवटचे नाव नीट ध्यानात घ्यावे. मात्र उपासात गोळी किती आणि केव्हा घ्यावी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवावे. लघवीची गोळी चालू असेल त्यांनी तर अवश्य विचारावे. उन्हात तिचा हिशेब बदलावा लागतो. मनानेच गोळी बंद करू नये.

आणि आपल्या वाटेवर बार्शी लागते, तेथे तर प्रत्यक्ष साक्षीदार उभा आहे. बार्शीचा भगवंत हा अंबरीषाला वर देणारा विष्णू. मूर्तीपाशी अंबरीष राजा आहे. भागवताच्या नवम स्कंधातली त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातले मर्म कीर्तनात बहुधा सुदर्शनचक्राच्या धावपळीत राहून जाते. राजाची एकादशी झाली, द्वादशीचे पारणे करायचे. तोच दुर्वास अतिथी म्हणून आले आणि स्नानास गेले ते परतेनात. द्वादशी संपत आली. पारणे केले तर अतिथीचा अपमान, न केले तर व्रतभंग. राजाने ब्राह्मणांना विचारले, आणि निर्णय निघाला तो पाण्याचा. नुसते पाणी प्याले तर ते खाल्ल्यासारखेही होते आणि न खाल्ल्यासारखेही. राजाने पाणी प्याले. दुर्वासांना ते रुचले नाही, कृत्या सोडली, आणि भगवंताचे चक्र कोणाच्या बाजूने उभे राहिले ते तुम्ही जाणताच. पाणी पिणाऱ्याच्या बाजूने! बार्शीस भगवंतापुढे उभे राहाल तेव्हा पाण्याची बाटली लपवू नका.

इकडे येडशीजवळ रामलिंगाच्या दरीत जटायूची समाधी दाखवतात. रावणाशी झुंजून तो येथे पडला आणि रामरायांनी बाण मारून पाणी काढून त्याच्या मुखी घातले, अशी इकडची कथा. हे रान १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे बावीस चौरस किलोमीटर. पावसाळ्यात तेथला ओढा धबाबा पडतो, आणि चैत्रात खडक उघडे. तेथे सराव करणाऱ्यांनी पाणी घरून न्यावे, आणि बाटल्या मात्र परत आणाव्यात. वानरांसाठी आणि हरणांसाठी प्लॅस्टिक टाकून येणे ही काही सेवा नव्हे. एकनाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचे गंगाजल तहानेल्या गाढवास पाजले, ही गोष्ट आपण नाथषष्ठीला सांगतो. आपला देह त्या गाढवापेक्षा परका आहे काय?

पाणी किती? चालताना दर वीस मिनिटांनी एक लहान पेलाभर, तहान लागो न लागो. म्हाताऱ्यांची तहान उशिरा जागी होते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. तासाला पाऊण ते एक लिटर पुरते. एकदम दोन तांबे घटाघटा पिऊन चालू लागणे वाईट. लघवीचा रंग पाहावा: फिका असेल तर ठीक, गर्द पिवळा असेल तर पाणी कमी पडते आहे. नुसते पाणीही पुरत नाही, घामातून मीठ जाते. घरी बसणाऱ्यास ग्रीष्मात मीठ कमी सांगितले आहे, वाटेवर घाम गाळणाऱ्यास ते लागू करू नये. दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पळी नव्हे. पातळ ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील ही आपली जुनी औषधेच आहेत. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज गोड खरा, पण रस बर्फावाचून घ्यावा. तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे रसवंतीवाल्यालाही माहीत नसते, आणि गाणाऱ्याचा तर गळाच बसतो. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत मात्र सोडावी. माळकऱ्याच्या खिशात कांदा सापडला तर वेगळाच वाद होतो.

खाण्याविषयी थोडक्यात. सकाळचे शिजवलेले दुपारी आंबते, म्हणून तिन्ही वेळचे एकदम करू नये. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे टिकतात. दूध-दह्याची पक्वान्ने टिकत नाहीत. वाटेत कोणी प्रेमाने बासुंदी पुढे केली तर केव्हाची हे विचारण्यात अपमान नाही. उपासाला साबुदाणा आणि दाणे उन्हात जड पडतात, पित्त होते. भगर हलकी, पण जुन्या, ओल लागलेल्या भगरीला बुरशी धरते आणि तिच्या पिठाने उपासाच्या दिवशी गावेच्या गावे आजारी पडतात. दळलेले सुटे पीठ घेऊ नये. भगर निवडून, धुऊन, ताजी शिजवावी.

ऊन लागल्याची खूण प्रत्येकाने ओळखावी. पोटऱ्यांत गोळे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर हा पहिला इशारा. तेथेच सावलीत बसवावे, मीठसाखरेचे पाणी द्यावे, त्या दिवशी पुन्हा चालवू नये. बोलणे भलतेच होऊ लागले, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपली, की तो जिवाचा प्रश्न आहे, मग घाम येत असो वा नसो. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा, जांघा येथे ओली फडकी ठेवावीत. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, तीर्थही नाही. त्या वेळी तीर्थ अंगावर शिंपडावे, ते जास्त लागू पडते.

विणेकऱ्यावर विशेष नजर असावी. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून तो स्वतःचे दुखणे सांगत नाही. दर तासाला गळा बदलावा. पखवाज टेम्पोत उघड्यावर तापू देऊ नये. शाई तडकते, आणि धुमेवरची कणीक तर अर्ध्या अभंगात वाळते. कणकेचा गोळा ओल्या फडक्यात बांधून ठेवावा.

वसंताचे दुसरे रूप वळिवाचे. दुपारपर्यंत उकाडा, मग पश्चिमेला काळे ढग, धुळीचा लोट, विजा, कधी गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. माळावर दिंडी असेल आणि गडगडाट ऐकू आला तर पताका आडव्या कराव्यात. हा पताकेचा अपमान नव्हे. उघड्या माळावर उंच काठी धरणे म्हणजे विजेला बोलावणे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. हवामान खात्याचा इशारा रोज सायंकाळी पोरांच्या मोबाइलवर पाहून हरिपाठानंतर सर्वांना वाचून दाखवावा. मैदानी भागात पारा चाळिशीला पोचून नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला की ते खाते उष्णतेची लाट म्हणते. लाटेचा इशारा असेल त्या दिवशी सायंकाळची चालही नऊ वाजेपर्यंत चांदण्यात ढकलावी.

रामनवमी वाटेतच येते. जन्म माध्यान्हीचा, म्हणून कीर्तन बाराला संपले पाहिजे. पण मंडप सावलीचा हवा आणि पाळणा हलवून झाला की श्रोत्यांना आधी पाणी, मग सुंठवडा.

पंढरीत पोचल्यावर कसोटी संपत नाही. एकादशीला बारीत तासन्‌तास उभे राहावे लागते, ते चालण्यापेक्षा अंगावर येते. चंद्रभागेला पाणी असेल ते उजनीतून सोडलेले. स्नान करावे, आचमनापुरते ओठास लावावे, पिण्याचे पाणी बरोबरचे ठेवावे. पहाटेची बारी धरावी, आणि आजाऱ्यांनी मुखदर्शन घ्यावे. कळसाचे दर्शनही कमी नाही. ज्यांचा अजूनही आग्रह असेल की देवासाठी ऊन सोसलेच पाहिजे, त्यांनी गाभाऱ्यात नीट पाहावे. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत रोज विठुरायाला चंदनाची उटी लावतात, रखुमाईलाही लावतात. अठ्ठावीस युगे उभा असलेला देव उन्हाळ्यात अंगाला चंदन लावून घेतो, आणि त्याच्या भेटीस निघालेला भक्त डोक्यावर ओले फडके घेण्यास लाजतो!

द्वादशीचे पारणे सकाळी लवकर, मऊ भात, वरण आणि ताकाने करावे. परतीला पायी येऊ नये. तोवर ऊन आणखी चढलेले असते. सकाळच्या एस.टी.ने बसावे, खिडकीला पंचा ओला करून लावावा, आणि येडशीच्या फाट्यावर उतरताना बाटलीत घोटभर पाणी शिल्लक असू द्यावे.